डाएट चार्ट मागायच्या आधी हे करा: आठवडाभराची आहार-नोंद, मोजमाप आणि मग ताटातला बदल

दर आठवड्याला कुणीतरी मोबाईलमधला डाएट चार्ट पुढं करतं आणि विचारतं, मॅडम हा चालू करू का. मी उलटं विचारते, कंबर किती, घरात महिन्याला तेल किती लागतं, उपाशीपोटीची साखर शेवटची कधी बघितली. उत्तर ठरलेलं, "तसं काय मोजलं नाही ओ, पण आम्ही काय खातोच कुठं." मग तो चार्ट पंधरा दिवस चालतो, वजन दोन किलो उतरतं, परत चढतं, आणि माणूस म्हणतो डाएटनं काही होत नाही.

चार्टमध्ये दोष असेल नसेल, पण गडबड क्रमात असते. आधी मोजायचं, मग लिहायचं, मग वाचायचं आणि सगळ्यात शेवटी बदलायचं. आहाराचं संशोधन करताना आम्ही लोकांच्या घरी जाऊन जशी नोंद घेतो तीच पद्धत इथं घरच्या घरी जमेल अशी करून सांगते. सोलापूरची उदाहरणं घेतलीत कारण भाकरी, शेंगा चटणी आणि दिवसाला पाच-सहा चहा हे कुठल्याच तयार चार्टमध्ये नीट बसत नाही.

थांबा: साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर मोजणं आणि लिहिणं खुशाल करा, पण ताटातला बदल (टप्पा ६) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गोळी तेवढीच आणि खाणं अचानक कमी, असं झालं की साखर धाडकन खाली येऊ शकते.

## तयारी: सामान आणि आठवडा

स्वयंपाकघरात चालेल असा छोटा डिजिटल वजनकाटा, शिंप्याची टेप, एक वही. एवढंच. टेप नवीन घ्या, जुनी कापडी टेप ओढून ओढून लांबलेली असते आणि कंबर दोन सेंटीमीटर कमी दाखवते.

आता घरातली एक वाटी ठरवा आणि ती रिकामी काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. १५० ग्रॅम आलं तर ती १५० मिलीची वाटी. वहीच्या पहिल्या पानावर लिहा. चमच्याचंही तसंच, कारण एकाचा "एक चमचा साखर" ५ ग्रॅमचा असतो आणि दुसऱ्याचा पोह्याच्या चमच्यानं शीग लावलेला १० ग्रॅमच्या पुढं जातो, आणि दोघंही वहीत "एक चमचा" असंच लिहितात.

आठवडा कुठला घ्यायचा? गड्ड्याच्या जत्रेचा नको, नवरात्राच्या उपासाचा नको, घरात लग्न असेल तो नको. पण मुद्दाम "चांगला" आठवडाही निवडू नका. सलग सात दिवस हवेत, त्यात रविवार आलाच पाहिजे, कारण बऱ्याच घरात मटण आणि बाहेरचं खाणं रविवारीच होतं आणि लोक नेमका तोच दिवस सोडून लिहितात.

एक गोष्ट बहुतेकजण विसरतात. घरात जे स्वयंपाक करतात त्यांना आधी विश्वासात घ्या. पुरुष मंडळी वही घेऊन बसतात आणि आमटीत डाळ किती पडली हे त्यांना माहीतच नसतं, मग अंदाजे ठोकून देतात. त्या वहीचा काही उपयोग नाही.

## टप्पा १: कंबर, वजन, बीपी

सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी.

कंबर म्हणजे पँटचा नंबर नाही. पोट सुटलं की पँट खाली सरकते, त्यामुळं ३४ ची पँट घालणाऱ्याची खरी कंबर १०० सेंटीमीटर निघालेली मी पाहिलीय. बायका परकराच्या नाडीच्या जागी मोजतात, तेही चुकतं. बरोबर जागा अशी: बाजूनं सगळ्यात खालची बरगडी हातानं शोधा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा, दोन्हीच्या मधोमध टेप आडवी सरळ. श्वास सहज सोडा आणि मग वाचा. पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. दोनदा मोजा, एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही रेषा धरतात. बीएमआयसुद्धा (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) आपल्याकडं २३ च्या वर गेला की जास्त वजन, २५ ची वाट बघायची नाही.

बीपी घरच्या मशीनवर घ्यायचं असेल तर आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको आणि मिश्री नको. हे मुद्दाम लिहिलंय कारण मिश्री लावून लगेच बीपी बघणाऱ्या कितीतरी बायका मला भेटतात, निकोटीननं आकडा वर जातो आणि मग घाबरतात. लघवी करून या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. एका मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा घ्या. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी घेतलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवायचं.

## टप्पा २: धोक्याचे गुण

मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशननं २००५ मध्ये भारतीयांसाठी एक साधी गुणपद्धत प्रसिद्ध केली, तिला इंडियन डायबेटीस रिस्क स्कोअर म्हणतात. रक्त न काढता दोन मिनिटात होते.

वय: ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ ला २०, ५० आणि पुढं ३०.
कंबर: बायकांची ८० च्या आत, पुरुषांची ९० च्या आत असेल तर ०. बायका ८० ते ८९, पुरुष ९० ते ९९ ला १०. त्याच्या वर २०.
हालचाल: नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही असेल तर ०, दोन्हीपैकी एकच असेल तर २०, काहीच नाही तर ३०.
आई-वडील: कुणालाच डायबेटीस नाही ०, एकाला १०, दोघांना २०.

६० किंवा जास्त म्हणजे धोका जास्त, ३० ते ५० मधला, ३० च्या खाली कमी.

चूक कुठं होते, तर हालचालीच्या ओळीत. "दिवसभर काम करून मान मोडते" म्हणजे अंगमेहनत नव्हे. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, विडी वळणारी ३८ वर्षांची बाई घ्या, सुपडं मांडीवर घेऊन सात-आठ तास बसून असते, थकते ती खरीच, पण हालचाल म्हणून बघितलं तर ते बसून केलेलं काम आहे. तिचे वयाचे २०, कंबर ८६ असेल तर १०, हालचालीचे ३०, झाले ६०. आई-वडिलांना साखर नसतानासुद्धा. गारमेंटच्या मशीनवर दिवसभर बसणाऱ्यांचंही असंच होतं आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांचंही.

## टप्पा ३: रक्ताची तपासणी, खाणं बदलायच्या आधी

लोक तपासणीच्या तीन दिवस आधी गोड बंद करतात, भात बंद करतात, आकडा बरा येतो आणि खूश होतात. फसवलं कुणाला? तपासणीच्या आधीचे दिवस रोजच्यासारखंच जेवा.

उपाशीपोटी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर ८ ते १० तास, फक्त पाणी. बिनसाखरेचा चहासुद्धा नाही. जेवणानंतरची साखर बघायची असेल तर दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. घरच्या ग्लुकोमीटरवर बघत असाल तर साबणानं हात धुऊन पुसा, डाळिंब सोलून लगेच बोट टोचलं तर बोटावरचीच साखर मशीन वाचतं. आणि घरच्या मशीनवर निदान ठरवायचं नाही, त्यासाठी लॅबच.

आकडे असे वाचा. उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर, १२६ आणि वर डायबेटीस. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ आणि वर डायबेटीस. लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, परत तपासून खात्री करतात.

तपासा: हिमोग्लोबिन सोबत बघितलंय का? लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. आपल्याकडं बायकांमध्ये ॲनिमिया इतका आहे की फक्त या एका आकड्यावर मी कधीच विसंबत नाही, उपाशीपोटीची साखर बरोबर हवीच.

## टप्पा ४: सात दिवसांची नोंद

हा सगळ्यात मोठा टप्पा आणि सगळ्यात जास्त चुका इथंच.

नियम पहिला, या सात दिवसात काहीही सुधारायचं नाही. वही हातात आली की माणूस आपोआप शहाण्यासारखा खायला लागतो, संशोधनातसुद्धा हीच अडचण येते, लोक खरोखर खातात त्यापेक्षा कमी लिहितात. ही वही कुणाला दाखवून शाबासकी घ्यायची नाहीय.

नियम दुसरा, खाल्लं की लगेच लिहा. रात्री आठवून लिहिलं की चहा हमखास गळतात, पोराच्या ताटात उरलेलं खाल्लेलं गळतं, आणि शेजारणीनं दिलेली शेंगाची पोळीही गळते. प्रत्येक नोंदीत वेळ, कुठं खाल्लं, काय आणि किती.

नियम तिसरा, कच्चं मोजा. आता भाकरीचंच बघा. मऊ भाकरीत पाणी असतं म्हणून ती जड, तीच कडक केली की पाणी उडून हलकी होते, पण पीठ तेवढंच! कडक भाकरी काट्यावर ठेवून "हलकी आहे, कमी खाल्ली" असं समजणं साफ चूक, त्यात कुस्करून आमटीत टाकली की किती गेल्या तेही कळत नाही. म्हणून परातीत पीठ घेताना वजन करा, एकूण किती भाकऱ्या झाल्या ते मोजा आणि भागा. ५६० ग्रॅम पिठाच्या ८ झाल्या म्हणजे एक भाकरी ७० ग्रॅमची. सात दिवसात दोन-तीनदा केलं की पुरे, हाताची सवय ठरलेली असते.

आमटीचंही तसंच. पातेल्यात डाळ कच्ची किती घातली ते लिहा, जेवणारे किती ते लिहा. पाच माणसांच्या आमटीला १०० ग्रॅम तूरडाळ म्हणजे तुमच्या वाट्याला २० ग्रॅम आली, मग वाटी कितीही मोठी असू दे. भातासाठी तांदूळ कच्चे मोजा. पूर्व भागातल्या घरात भाकरीपेक्षा भात जास्त असतो, पप्पू (वरण), चारू (सार) आणि भात, तिथं तांदळाचं मोजमाप सोडून चालणारच नाही.

नियम चौथा, जे "खाणं" वाटत नाही ते आधी लिहा. चहातली साखर, शेंगा चटणी, चटणीवर ओतलेलं कच्चं तेल, लोणचं, पापड, फरसाण, उसाचा रस, सरबत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सव्वापाचशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे २५ ग्रॅम चटणीत १३० धरा, त्यावर दोन छोटे चमचे तेल ओतलं की आणखी ८०. चटणी वाईट नाही, शेंगदाण्यात चांगली प्रथिनं आहेत आणि मी स्वतः रोज खाते, पण ती वहीत दिसली पाहिजे.

तपासा: तिसऱ्या दिवशी रात्री वही उघडा. रोज किती चहा दिसतात? एकही बिस्कीट नाही, एकही चिवडा नाही असं दिसत असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, ते लगेच सांगतील काय राहिलं.

## टप्पा ५: किराण्याचा हिशोब आणि वहीचं वाचन

तेल आणि मीठ ताटात मोजता येत नाही, ते डब्यावरून मोजायचं. पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर पेननं तारीख टाका.

२०२४ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं नवीन आहार मार्गदर्शिका काढली. त्यात २००० कॅलरीच्या ताटाला दिवसाचं तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय. म्हणजे माणशी महिन्याला साधारण ८१० ग्रॅम, लिटरला थोडं कमी, चार मोठ्या माणसांच्या घरात साडेतीन लिटर. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, तेही सगळीकडचं मिळून, म्हणजे चार जणांना एक किलोची पिशवी किमान ५० दिवस जायला हवी. तुमची तीस दिवसात संपते का? मग लोणचं, पापड आणि बाहेरचं धरायच्या आधीच मर्यादा ओलांडलीय.

आता वही. त्याच ताटाचे बाकीचे कच्चे आकडे शेजारी लिहा: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ-जवस वगैरे ३५. तुमच्या सात दिवसांची सरासरी काढून समोरासमोर ठेवा.

सोलापूरच्या बहुतेक वह्यांत मला एकच चित्र दिसतं. चार भाकऱ्यांचं पीठ २८०, तांदूळ ६०, पोहे ५०, झालं ३९० ग्रॅम धान्य. डाळ २०-२५. भाजी दोन वेळची मिळून दीडशेच्या आत, त्यात बटाटा वेगळा काढला तर आणखी कमी. "ज्वारीनं साखर वाढत नाही" हा समज इथं नडतो. मंगळवेढ्याची ज्वारी उत्तमच, पण शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ६७-६८ ग्रॅम कर्बोदकं असतातच, प्रथिनं १० आणि तंतू १० च्या आसपास. मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी चांगली, पण अमर्याद खायची वस्तू नाही.

आणि चहा. पाच चहा, प्रत्येकी १० ग्रॅम साखर, दिवसाला ५० ग्रॅम, २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते.

## टप्पा ६: बदल, एका वेळी दोनच

वही वाचल्यावर उत्साहात सगळंच बदलायचं मन होतं. नका करू. दोन बदल निवडा, तीन आठवडे चालवा, मग पुढचे दोन. माझा क्रम असा:

१. आधी वाढवा. डाळ दुप्पट करा. आमटी घट्ट करा, मटकी-हुलगे-हरभरा आठवड्यातून चारदा, किंवा अंडं. भाजी माणशी दोनशे ग्रॅम एका वेळेला. मेथी, चाकवत, शेपू, चुका, जी पालेभाजी त्या आठवड्यात स्वस्त असेल ती. हे वाढवल्याशिवाय भाकरी कमी केली तर चार वाजता भूक लागते आणि फरसाणाचा डबा उघडतो, याच कारणानं निम्मे प्रयत्न फसतात.

२. मग भाकरीतून एक कमी. ताटात आधी भाजी आणि आमटी वाढून घ्या, निम्मी भाजी खाऊन मग भाकरीला हात लावा. याच क्रमानं खाल्लं की जेवणानंतरची साखर कमी चढते.

३. चहाची साखर आठवड्याला पाव चमचा उतरवत न्या. एकदम बंद केली तर चार दिवस टिकते. साखरेऐवजी गूळ हा बदल नव्हे, रक्ताच्या दृष्टीनं तीही साखरच.

४. तेलाची पिशवी महिन्यासाठी एकदाच ठरवून आणा, संपली तर मधे आणायची नाही.

थांबा: रात्रीचं जेवण पूर्ण सोडणं, फक्त फळांवर राहणं, डाळिंबाचा रस काढून पिणं, हे करू नका. डाळिंब आपल्या जिल्ह्याची शान आहे, दाणे चावून खा, रसात तंतू निघून जातात आणि दोन-तीन फळांची साखर एका ग्लासात येते.

लूमवर रात्रपाळी असेल तर मुख्य जेवण पाळीच्या आधी, मध्यरात्री हलकं काहीतरी (ताक, फुटाणे, उकडलेलं अंडं) आणि सकाळी घरी येऊन पोटभर जेवून लगेच झोपणं बंद. हे अवघड आहे हे मला माहीत आहे, पण पाळीवाल्यांची वही बघितली की निम्मं खाणं रात्री बारा ते सकाळी आठ मधेच सापडतं.

## टप्पा ७: चालणं

आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. अमेरिकेतल्या डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रामचे निकाल २००२ मध्ये आले, त्यात उंबरठ्यावरच्या लोकांना वजन ७ टक्के उतरवणं आणि १५० मिनिटं हालचाल एवढंच लक्ष्य दिलं होतं आणि डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्के घटलं, मेटफॉर्मिन ही डायबेटीसची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्के. चेन्नईच्या इंडियन डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये (२००६) खाणं आणि चालणं सुधारून २८.५ टक्के घट मिळाली, तीही वजन फारसं न उतरता. म्हणून काटा हलला नाही तरी थांबू नका.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच चाला, पारा चाळीसच्या वर असताना दुपारी चालणं धोक्याचं. सकाळी जमतच नसेल तर प्रत्येक जेवणानंतर १० ते १५ मिनिटं गल्लीत किंवा गच्चीवर, जेवणानंतरच्या साखरेवर याचा परिणाम चांगला होतो. बसून काम करणाऱ्यांनी अर्ध्या तासाला दोन-तीन मिनिटं उठायचं. चालताना छातीत दाब आला, जबडा किंवा डावा हात दुखला तर तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा, गॅस म्हणून सोडा पिऊ नका.

## टप्पा ८: बारा आठवड्यांनी परत

एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत परत करण्यात पैसे घालवू नका, आकडा तोपर्यंत पूर्ण बदललेला नसतो. कंबर मात्र दर पंधरा दिवसांनी, त्याच टेपनं, त्याच जागी. वजन आठवड्यातून एकदाच.

बाराव्या आठवड्यात आधी तीन दिवसांची नोंद घ्या (दोन कामाचे, एक रविवार) आणि मग रक्त द्या, त्याच लॅबमध्ये. आकडा हलला नसेल तर नवीन चार्ट शोधायच्या आधी दोन्ही वह्या शेजारी ठेवा. बहुतेक वेळा डाळ आणि भाजी वाढलेली असते पण भाकरी होती तेवढीच राहिलेली असते, म्हणजे खाणं एकूण वाढलंय. वहीत बदल खरा दिसतोय आणि तरीही उपाशीपोटीची साखर चढतीच आहे, तर ती वही आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जा. त्यांनी गोळी सुरू केली तर गोळीसकट पुढचे बारा आठवडे परत टप्पा ४ पासून लिहायला घ्या.